पेशवे दप्तराचे वाटाडे : रियासतकार सरदेसाई

दिनांक १२ एप्रिल १९६० रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दादरा व नगर हवेलीच्या खटल्याचा निकाल दिला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले होते. दमणहून या गावांकडे भारताच्या प्रदेशातून जाण्याचा आपला हक्क भारताने अडविला, अशी फिर्याद पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये गुदरली होती. हक्क वाटेचा होता. परंतु वाटेचा हक्क ठरविण्यासाठी न्यायाधीशांना मुळात ही गावे पोर्तुगीजांकडे कशी आली, हे पाहावे लागले. त्यासाठी १७७९ चा पुणे दरबाराचा तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा न्यायालयापुढे आल्या. मराठ्यांनी पोर्तुगीजांना या गावांचे राज्य दिले, की केवळ वर्षाला १२,००० रुपयांच्या वसुलाचा सरंजाम दिला, हा वाद होता. कागदांतील शब्द तपासून न्यायालयाने मान्य केले की, मराठ्यांनी दिला तो सरंजामच होता. राज्य देऊन टाकायचे असे तेव्हा मराठे कोणते शब्द वापरीत, हे त्यांच्या इतर तहांवरून न्यायाधीशांना दिसले होते. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा अंमल मुकाट्याने मान्य केला आणि त्यातून त्यांची सत्ता रूढ झाली, असे न्यायालयाने ठरविले. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क त्याने पोर्तुगालला दिला, लष्कर व शस्त्रे यांना नाकारला, आणि भारताने कोणत्याही कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्वाळा दिला.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्यातील कारकुनांनी बोरूने लिहिलेला एक शब्द युरोपातील न्यायाधीशांनी असा तोलून पाहिला. अशा प्रसंगी कागद जपून राहिला, याचेच आपल्याला कौतुक वाटते. वास्तविक कागद जपून राहणे ही अर्धीच गोष्ट आहे. हजारो गाठोड्यांत तो नेमका कोठे आहे, कोणत्या सालचा आहे, कोणी कोणाला लिहिला आहे, हे कळल्यावाचून जपलेला कागद आणि जळालेला कागद यांत व्यवहारतः फरक उरत नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या बाबतीत हा फरक निर्माण करण्यासाठी ज्यांनी आयुष्याची अखेरची तीस वर्षे वेचली, त्या गोविंद सखाराम सरदेसाई यांचे निधन या निकालाच्या साडेचार महिने आधी, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, कामशेत येथे झाले. वयाच्या चौऱ्याण्णव वर्षांपैकी सत्तर वर्षे त्यांनी एकाच विषयाला दिली होती.

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. घर बेताच्या स्थितीचे. त्या काळच्या कोकणातील हुशार मुलाप्रमाणे त्यांची वाट रत्नागिरीच्या हायस्कुलातून पुण्याच्या फर्ग्युसन आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाकडे गेली. १८८८ मध्ये ते बी.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरीस लागले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे हे त्यांचे काम. इतिहासकार होण्याचा संकल्प करून ते बडोद्यास गेले नव्हते. पण महाराज चौकस होते, राजपुत्रांना शिकवायला चांगली मराठी पुस्तके नव्हती, आणि वाचकाला टिपणे ठेवण्याची सवय होती. या तिहींच्या संयोगातून एक ग्रंथमाला जन्माला आली.

मॅकिआव्हेली आणि सीली यांच्या ग्रंथांची भाषांतरे करून त्यांची लेखणी सरावली. १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध झाली, १९०२ मध्ये 'मराठी रियासती'चा पहिला भाग निघाला, आणि पुढे 'ब्रिटिश रियासत' आली. मराठी रियासतीचे काम १९३२ पर्यंत चालले. हिंदुस्थानच्या सुमारे आठशे वर्षांचा सलग इतिहास मराठीत प्रथमच एका हाताने लिहिला गेला, आणि लोक त्यांना 'रियासतकार' या एकाच नावाने ओळखू लागले. घरोघर आणि गावोगावच्या ग्रंथालयांत या जाड पुस्तकांनी जागा मिळविली. जुन्या मराठी ग्रंथालयांच्या इतिहास विभागात रियासतीचे झिजलेले पुठ्ठे आजही वाचकांच्या पिढ्यांची साक्ष देतात.

बडोद्याचे वातावरणही या कामाला पोषक होते. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून राज्यात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारायला प्रारंभ केला. पुस्तक विकत घेणे निराळे आणि मागणाऱ्याच्या हाती ते क्षणात देता येणे निराळे, हा धडा बडोद्यात राजाश्रयाने शिकविला जात होता. वर्गीकरण, सूची, देवघेवीची नोंद हे शब्द तेथे रोजच्या व्यवहारातले झाले होते.

मात्र रियासतकारांची एक अडचण होती. छापून आलेल्या साधनांवर ते इतिहास लिहीत होते, आणि साधने तर वर्षागणिक नवी निघत होती. वासुदेवशास्त्री खरे मिरजेस पटवर्धनांचे दप्तर उलगडीत होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड काढायला सुरुवात केली होती. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आधी अस्सल कागद गोळा करा, इतिहास मागाहून लिहा, असा त्या पंथाचा आग्रह. तर जे उपलब्ध आहे ते वाचकांपुढे सलग मांडा आणि नवे मिळाले की दुरुस्त करा, असा सरदेसाई यांचा स्वभाव. दोन्ही बाजूंत तथ्य होते. रियासतीच्या नव्या आवृत्तीत आपलेच जुने विधान खोडण्याचा संकोच सरदेसाई यांना कधी वाटला नाही. पण ज्या कागदांवाचून पेशवाईचा इतिहास पुरा होणार नव्हता, ते कागद दोन्ही पक्षांना बंदच होते.

हे कागद म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने पेशव्यांचे दप्तर ताब्यात घेतले. इनामे, वतने आणि जमीनमहसूल यांचे हक्क तपासायला ते सरकारला हवे होते. १८५२ च्या इनाम कमिशनने त्यात आणखी कितीतरी दप्तरांची भर घातली. शतकाच्या अखेरीस हा सर्व संग्रह पुण्यात एलिएनेशन ऑफिसच्या दगडी इमारतीत नांदू लागला. सुमारे ३५,००० रुमाल! कापडात बांधलेल्या गाठोड्याला दप्तरखान्यात रुमाल म्हणतात. एकेका रुमालात शेकडो कागद, तेही बहुतेक मोडी लिपीत. शाहू दफ्तर, घडणी, प्रांत अजमास, पागा व पथके, चिटणिशी, आंग्रे दफ्तर आणि जमाव अशी त्याची ढोबळ वाटणी होती.

ही वाटणी कारभाऱ्यांच्या सोयीची होती. पेशव्यांचे फडणीस कसबी होते. रोजच्या घडामोडी रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने मांडायच्या आणि मग त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या सदराखाली खतवायच्या, ही त्यांची रीत. एकच नोंद दिवसावरूनही सापडावी आणि विषयावरूनही सापडावी, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. हिशेबाच्या कागदांना ती लागू पडली. पत्रांना मात्र पडली नाही. छावणीतून आलेले पत्र वाचले, त्यावर मजकूर ठरला, उत्तर गेले, की मूळ पत्र बाकीच्यांबरोबर बांधून ठेवले जाई. दीडशे वर्षांत दप्तर हलले, फुटले, पुन्हा बांधले गेले. पानिपतावरून आलेले पत्र वसईच्या हिशेबाशेजारी जाऊन बसले.

सरकार हे दप्तर संशोधकांना खुले करीत नव्हते. जुन्या सनदा बाहेर आल्या तर जमिनींचे नवे दावे उभे राहतील, ही भीती त्यामागे होती. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने आणि गणेश चिमणाजी वाड यांच्या परिश्रमाने रोजकिर्दींतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, तेवढाच काय तो कवडसा. पुढे मागणी वाढत गेली. सर जदुनाथ सरकार यांच्यासारखा वजनदार इतिहासकार तिच्या पाठीशी उभा राहिला. अखेर १९२९ मध्ये मुंबई सरकारने दप्तरातील ऐतिहासिक पत्रे निवडून छापण्याचे ठरविले आणि त्या कामावर गोविंद सखाराम सरदेसाई यांची नेमणूक केली. बडोद्याच्या नोकरीतून १९२५ मध्ये निवृत्त होऊन ते पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कामशेतला इंद्रायणीच्या परिसरात राहायला आले होते. वय चौसष्ट.

त्यांच्यापुढील काम आजच्या वाचकाला समजावे, तर एक आजचेच उदाहरण घ्यावे लागेल. आता टपाल संगणकावर येते आणि संगणकावरच साठते. वीस-पंचवीस वर्षांची ई-मेलची पत्रे एखाद्याच्या यंत्रात लाखांच्या घरात सहज जातात. पत्र हवे झाले की तो पाठविणाऱ्याचे नाव, दोन तारखा आणि एखादा शब्द अशी एका ओळीची आज्ञा टंकित करतो आणि क्षणात नेमके पत्र पुढे येते. यंत्र त्या क्षणी लाखो पत्रे वाचीत नाही. ती त्याने आधीच एकदा वाचलेली असतात. कोणता शब्द कोणकोणत्या पत्रांत आला, याची सूची त्याने करून ठेवलेली असते, आणि शोध घेतला जातो तो सूचीत. कष्ट सगळे आधी, सुख सगळे नंतर. यात आणखी एक गोष्ट गृहीत असते: प्रत्येक पत्राच्या माथ्यावर कोणाचे, कोणास, केव्हा आणि कशाविषयी हे आपोआप नोंदलेले असते.

अठराव्या शतकातील मराठी पत्राच्या माथ्यावर यांतले फारच थोडे असते. मायना असतो; त्यावरून पत्र वडिलांना आहे, बरोबरीच्याला आहे की धन्याला, एवढे कळते. तीर्थरूप म्हटले म्हणजे वडीलधारा, पण कोणता? लिहिणाऱ्याचे नाव पुष्कळदा केवळ बाळाजी, बापूजी किंवा गोविंद इतकेच; आणि त्या नावाचे कारभारी दरबारात एका वेळी अनेक असत. तारीख असते ती चंद्राची. 'छ' या खुणेपुढे चांद्र दिवसाचा आकडा आणि मुसलमानी महिना. साल बहुधा नाहीच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होते, मग लिहायचे कशाला? सनदा व हुकूम यांत अरबी शब्दांनी मांडलेला सुहूर सन येतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो. समानीन मया व अलफ म्हणजे ११८०. १७७९ च्या मृगापासून १७८० च्या मृगापर्यंतचे ते साल. नगर हवेलीशी निगडित असलेला तह याच सालात पडतो. पण खासगी व लष्करी पत्रांना हा आधार नसतो.

अशा वेळी साल काढायचे कसे? मुसलमानी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने त्याचे महिने ऋतूंतून मागे मागे सरकत जातात आणि सुमारे तेहेतीस वर्षांनी एक फेरा पूर्ण होतो. पत्रात महिना रमजान असेल आणि नुकताच मृगाचा पाऊस लागल्याची हकीकत असेल, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी वेळ १७५५ च्या आगेमागे येते, नाही तर १७८७ च्या आगेमागे. मग मजकुरातील माणसे पाहायची. नानासाहेब पेशवे हयात असतील, तर १७६१ च्या आधीचे पत्र, म्हणजे पहिला फेरा. वार दिला असेल तर जंत्रीशी ताडायचा. भृगुवार, मंदवार, इंदुवार ही वारांची जुनी नावे अशा वेळी साक्षीदाराचे काम करतात. तीच तारीख त्याच वारी काही मोजक्याच सालांत येते. मुक्कामाचे गाव, स्वारीची दिशा, कोणाच्या घरी लग्न वा मृत्यू झाल्याची बातमी, अक्षराचे वळण, पत्र पोहोचल्याची पाठीवरची नोंद, असा एकेक धागा ओढीत साल निश्चित करायचे. एका पत्रासाठी कधी घटका, तर कधी दिवस.

सरदेसाई आणि त्यांचे मोडी जाणणारे साहाय्यक यांनी हे काम हजारो पत्रांसाठी केले. रुमाल उघडायचा, कागद चाळायचे, ऐतिहासिक पत्र बाजूला काढायचे, त्याची बालबोध नक्कल करायची, ती मुळाशी ताडायची, साल ठरवायचे, विषयवार लावायचे. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर क्रमांक, इसवी सनाची तारीख आणि इंग्रजीत दोन-चार ओळींचा गोषवारा घालायचा. संगणकाला जो मथळा आयता मिळतो, तो येथे माणसांनी एकेक करून घडविला. १९३० ते १९३४ या पाच वर्षांत या मालेचे ४५ खंड सरकारी छापखान्यातून बाहेर पडले. पहिला उदगीरच्या लढाईवर, दुसरा पानिपतावर. पुढे शाहू, बाजीराव, वसईची मोहीम, माधवराव आणि मराठी राज्याची अखेर. १९३३ मध्ये दप्तराची इंग्रजी मार्गदर्शिकाही त्यांनी तयार करून दिली. दप्तराचे विभाग कोणते, कोणत्यात कशा प्रकारचे कागद आहेत, हे परक्या अभ्यासकाला तिच्यामुळे प्रथमच बाहेरून दिसू लागले.

या यशाला विरोधाची किनार होती, आणि ती लपविण्याचे कारण नाही. बंद दाराशी वर्षानुवर्षे तिष्ठत असलेल्या पुण्याच्या संशोधकांना दार उघडले ते एका माणसापुरते, आणि तोही त्यांच्या पंथाचा नव्हे, हे खटकले. सरकारी नेमणूक, सरकारी मुदत, सरकारी खर्च. मग निवड निर्भेळ राहील कशी, अशी शंका घेतली गेली. घाईमुळे काही पत्रांची साले चुकली आणि एकाच विषयाची पत्रे पुरवणी खंडांत विखुरली गेली, असे आक्षेप आले. सर्वांत गंभीर आक्षेप निवडीच्या स्वरूपावर होता. सरदेसाई यांनी लढाया, तह, दरबार आणि घराणी यांची पत्रे वेचली. बाजारभाव, पीकपाणी, करांचा बोजा, कुणबी आणि बलुतेदार यांची हकीकत ज्या हिशेबी कागदांत आहे, ते बहुतांश रुमालांतच राहिले.

हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. निवड ही नेहमी निवडणाऱ्याच्या प्रश्नांनी होते, आणि सरदेसाई यांचे प्रश्न त्यांच्या पिढीचे होते. शब्दांची सूची सर्व शब्दांना सारखे लेखते. निवडीला तसे लेखता येत नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ३५,००० रुमालांची अथपासून इतिपर्यंत सूची करून मगच पहिले पत्र छापायचे, असे ठरले असते, तर ती सूची कोणत्या पिढीच्या हाती पडली असती? सरदेसाई यांच्यापुढे दोन मार्ग होते. पूर्णतेची वाट पाहत दार बंद ठेवायचे, किंवा अपुरे का होईना पण वापरता येईल असे काहीतरी वाचकांच्या हाती द्यायचे. रियासत लिहिताना त्यांनी जे केले होते, तेच त्यांनी दप्तरातही केले. पुढील संशोधकांनी त्यांची साले दुरुस्त केली ती त्यांच्याच खंडांतील क्रमांक सांगून. दुरुस्त करण्याजोगे काही हाती असणे, हीच त्या खंडांची पहिली देणगी होय.

जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांचा स्नेह हा या कथेचा एक हृद्य भाग आहे. एक बंगाली, एक कोकणी. एकाला फारसी अवगत, दुसऱ्याला मोडी. सुमारे अर्धशतक दोघांचा पत्रव्यवहार चालला. एखाद्या मराठी पत्रातील तारीख फारसी बातमीपत्राशी जुळते का, हे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने शोधून कळवायचे. १९३६ पासून दोघांच्या देखरेखीखाली पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांच्या पत्रव्यवहाराचे खंड निघू लागले, आणि मराठी दरबाराची हकीकत इंग्रज वकिलांच्या कागदांशी पडताळता येऊ लागली. सरकार कामशेतला येऊन राहत. दोघांच्या वाट्याला घरचे दुःख मोठे आले आणि दोघांनीही ते कामात बुडविले.

सरदेसाई यांचा मुलगा श्यामकांत रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकला आणि उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला. ऐन तारुण्यात त्याचा अंत झाला. मुलाने घरी धाडलेली पत्रे पित्याने जपून ठेवली होती. ती त्याने क्रमाने लावली आणि 'श्यामकांतची पत्रे' या नावाने प्रसिद्ध केली. पेशव्यांच्या घरची हजारो पत्रे लावणाऱ्या हातांनी आपल्या घरची पत्रेही त्याच शिस्तीने लावली. त्या पुस्तकाकडे केवळ पुत्रशोकाचे स्मारक म्हणून पाहणे अपुरे ठरेल. पत्र लिहिणारा गेला तरी पत्र वाचता येईल असे राहिले पाहिजे, ही त्यांची श्रद्धा दप्तरखान्यात आणि घरात एकच होती.

दप्तराचे काम संपले तेव्हा सरदेसाई सत्तरीला आले होते. दप्तरातून जे नवे हाती लागले, त्याच्या आधारे त्यांनी आपले जुने लेखन पुन्हा तपासले आणि १९४६ ते १९४८ या काळात मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला. १९५६ मध्ये 'माझी संसारयात्रा' हे आत्मचरित्र आले. ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा संग्रह १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ब्याण्णव होते. एकाच नावाच्या अनेक माणसांतून नेमका माणूस ओळखायला जे कोष्टक त्यांना दप्तरात बसताना हवे होते, ते त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी तयार करून ठेवले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. १९५८ मध्ये जदुनाथ गेले, आणि सुमारे दीड वर्षाने रियासतकारही गेले.

सिल्वासाच्या परिसरातील वाचकाने या चरित्राकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. ज्या तहाने व सनदांनी या भागाचे भवितव्य पावणेदोनशे वर्षे बांधून ठेवले, त्यांचे कागद दोन गावांत विभागलेले होते. मराठी बाजू पुण्याच्या दप्तरात, पोर्तुगीज बाजू पणजीच्या दप्तरात. पणजीत तेच काम डिचोलीजवळच्या पिळगावचे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर करीत होते. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या दप्तरांची मार्गदर्शिका त्यांनी १९५५ मध्ये, म्हणजे हेगचा खटला उभा राहिला त्याच वर्षी, पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केली. आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने काढला. पुणे दरबारात पोर्तुगीजांची वकिली करणारे नारायण विठ्ठल धुमे यांच्यासारखी माणसे पिसुर्लेकरांच्या लेखनामुळेच इतिहासात पुन्हा दिसू लागली. एकाच प्रसंगाची दोन टोके दोन शोधकांनी आपापल्या बाजूने उलगडली.

आज पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे आणि अभ्यासकाला तेथे जाता येते. जुन्या कागदांची छायाचित्रे संगणकावर घेण्याचे युगही आले आहे. उद्या यंत्रे मोडी वाचू लागतील आणि एका ओळीच्या आज्ञेने रुमालातले पत्र पडद्यावर येईल, अशी आशा बाळगायला हरकत नाही. परंतु त्या दिवशीही सरदेसाई यांच्या पिढीने मिळविलेले ज्ञान लागणारच. दप्तरात 'पोर्तुगीज' हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही येणार नाही, कारण मराठी कारकून त्यांना 'फिरंगी' म्हणत. फ्रेंचांना 'फरासीस' म्हणत. गावांची नावे आजच्यासारखी लिहिलेली नसतात, आणि एकाच पत्रात एकच नाव दोन तऱ्हांनी येते. जे विचारायचे ते त्या काळाच्या शब्दांत विचारावे लागते, आणि ते शब्द ज्यांनी आधी कागद वाचले त्यांच्याकडूनच शिकावे लागतात. यंत्र सूची करील, पण काय मागावे हे माणसानेच सांगायचे असते.

ग्रंथालयात येणाऱ्या माणसाला आणि ग्रंथपालाला हे वेगळे सांगायला नको. कपाटातले पुस्तक वाचकाच्या हाती पडते ते नोंदवहीत बसून कोणीतरी त्याचे नाव, कर्ता, विषय व क्रमांक लिहून ठेवला म्हणून. त्या लिहिणाऱ्याचे नाव कोठे छापले जात नाही. रियासतकारांचे भाग्य एवढेच की त्यांचे नाव राहिले. कामशेतच्या त्या घरात वयाच्या नव्वदीनंतरही ते ज्या पत्रांवर वाकून बसत, त्यांच्या माथ्यावर आज क्रमांक आहे, तारीख आहे आणि कोणी कोणाला लिहिले याची नोंद आहे. ज्याला हवे त्याने ते पत्र काढावे आणि वाचावे. चूक आढळली तर दुरुस्त करावी. खुद्द त्यांनी आयुष्यभर आपल्या पुस्तकांत तेच केले होते.